घाटातली काळ्या दगडाची चौकी: सनबोर्डातून, १:८७ मापात

भोर घाटातून रेल्वे १८६३ साली वर चढली आणि थळ घाटातून १८६५ साली. दोन्हीकडे ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे, म्हणून आजही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. या दोन घाटांत जुन्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेने उभारलेलं बरंचसं बांधकाम, म्हणजे पुलांचे खांब, संरक्षक भिंती, रूळ राखणाऱ्यांच्या चौक्या, तिथल्याच काळ्या दगडातलं आहे. टेबलावर छोटी रेल्वे मांडणाऱ्याला इंजिनं विकत मिळतात, डबे मिळतात, झाडंही मिळतात. ही चौकी मात्र मिळत नाही. दुकानात मिळतात ती जर्मन स्टेशनं आणि पाटीच्या दगडाने शाकारलेली इंग्लिश घरं. ती कितीही काळी रंगवली तरी खंडाळ्याची होत नाहीत.

तेव्हा चौकी हाताने करायची, सनबोर्ड या पाट्यांसाठीच्या पांढऱ्या प्लास्टिक बोर्डातून. खाली दिलेली इमारत कुठल्या एका खऱ्या चौकीची नक्कल नाही. एका खोलीची, कमानदार दारा-खिडक्यांची, मंगलोरी कौलांची, त्या जातीची चौकी आहे. ही एक जमली की त्याच पद्धतीने पाण्याच्या टाकीचा चौथरा, मालधक्का, अख्खं स्टेशनसुद्धा करता येतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दगडी भिंत खरी वाटते ती खरखरीत पोतामुळे नव्हे, रचनेमुळे. या मापात दोन फुटांवरून पाहणाऱ्याला दगडाचा पोत दिसतच नाही. त्याला दिसतात ते थर, सांध्यांची मांडणी, कोपऱ्यातले मोठे दगड आणि कमानीचा जोर कुठे उतरतो ते. म्हणून चित्रकारापेक्षा गवंड्याच्या नजरेने काम करायचं.

माप

१:८७, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग, हे विकतच्या छोट्या रेल्वेचं एचओ नावाचं माप. याचे रूळ १६.५ मिमी रुंद असतात, पण ते युरोपातल्या १४३५ मिमीच्या मार्गासाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं, म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिमी व्हायला हवं. त्यामुळे विकतच्या रुळांवर भारतीय डबे जरा अरुंद पायांवर उभे दिसतात. १६७६ ला १६.५ ने भागलं तर १०१.६ येतात, म्हणून काही जण सरळ १:१०० धरतात. त्या मापाची माणसं आणि झाडं आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या स्टेशनरी दुकानात मिळतातही. तुमच्याकडे विकतची एचओ इंजिनं असतील तर इमारती १:८७ मध्येच करा. फक्त डोंगरावर, मागच्या बाजूला ठेवायची इमारत मुद्दाम १:१०० मध्ये केली तर ती लांब असल्याचा भास होतो.

आपल्या चौकीची खरी मापं आणि मॉडेलची मापं अशी:

- लांबी ६ मीटर: ६९ मिमी
- रुंदी ४.२ मीटर: ४८.३ मिमी
- भिंतीची जाडी ४५० मिमी: ५.२ मिमी
- जोतं ४५० मिमी: ५.२ मिमी
- जोत्यापासून वळचणीपर्यंत भिंत ३ मीटर: ३४.५ मिमी
- दार १ × २.२ मीटर: ११.५ × २५.३ मिमी
- खिडकी ०.९ × १.२ मीटर: १०.३ × १३.८ मिमी
- छपराचा उतार ३० अंश. त्यामुळे आखूड भिंतीचा त्रिकोण १३.९ मिमी उंच

दार आणि खिडकीची उंची कमान जिथून सुरू होते तिथपर्यंतची आहे. भिंतीची जाडी बघा: ५.२ मिमी. बाजारात ५ मिमीचा सनबोर्ड मिळतो, म्हणजे भिंत एकाच तुकड्यात येते आणि दारा-खिडक्यांच्या कडेला खऱ्या जाडीची सावली आपोआप पडते. विकतच्या बऱ्याच किटमध्ये नेमकी ही सावली नसते आणि इमारत पुठ्ठ्याची वाटते.

तुम्हाला खरी इमारत बघून करायची असेल तर सार्वजनिक रस्त्यावरून, फलाटावरून जे दिसतं तेवढं बघा. रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि घाटात ते जिवावरचंही आहे. लांबून माप काढायची युक्ती सोपी: भिंतीचे थर मोजा. त्याच प्रकारच्या, हात पोचेल अशा दुसऱ्या एखाद्या भिंतीच्या थराची उंची टेपने घ्या आणि गुणाकार करा. दारात माणूस उभा असेल तर ताळा करून पाहता येतो.

सामान

सनबोर्ड म्हणजे पाट्या आणि होर्डिंग करणारे वापरतात तो फुगवलेल्या पीव्हीसीचा पांढरा बोर्ड. त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. आपल्याला लागतो तेवढा तुकडा बहुधा फुकटच मिळतो. थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात. इन्सुलेशनचा घट्ट फोम कोरायला छान, पण फेव्हिक्विकने आणि स्प्रेच्या रंगाने तो विरघळतो. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये उत्तम दगड निघतो, पण पावसाळ्यात ओल धरतो आणि कोपरे टवकतात.

बाकी लागेल ते: नवीन पात्यांचा कटर, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, शाई संपलेला बॉलपेन, कंपासची सुई, १८० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, फेव्हिक्विक, फेव्हिकॉल, फेव्हिबाँड, खाण्याचा सोडा, पार्सलचं जेवण येतं तो पातळ अ‍ॅल्युमिनियमचा डबा, पूर्ण आटे असलेला ८ मिमी जाडीचा स्टड (डोकं नसलेला बोल्ट), अ‍ॅक्रिलिक रंग. आणि बांधकामावरची काळ्या दगडाची एक खडी. ती का, ते पुढे येईल.

सनबोर्ड घासताना मास्क लावा. त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका. उरलेले तुकडे जाळायचे नाहीत, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

आधी कागद

चारही भिंती जाड कागदावर मॉडेलच्या मापात काढा, कापा, दुमडून चिकटवा आणि मांडणीवर नेमक्या जागी ठेवा. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा वळणावरून चालवून पाहा. लांब डब्याचा मधला भाग वळणाच्या आत आणि टोकं बाहेर जातात, आणि चौकी बहुतेक वेळा वळणावरच असते. दारात १९ मिमीचं माणूस उभं करा; १:८७ मध्ये साधारण साडेपाच फुटी माणूस तेवढाच होतो. दार त्याला राजवाड्याचं वाटत असेल तर मापात कुठेतरी गडबड आहे. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते टाळणारे लोक नंतर तयार इमारत कापत बसतात.

आता त्याच आराखड्यावर थर आखा. घाटातल्या अशा कामात साधारण १५० ते २३० मिमी उंचीचे थर दिसतात. आपण सरासरी २०० धरू, म्हणजे मॉडेलवर २.३ मिमी. तीन मीटरच्या भिंतीत बरोबर १५ थर बसतात. दाराची उंची २.२ मीटर धरण्याचं कारण हेच: ते ११ थर होतात. खिडकीचा तळ पाचव्या थरावर, कमानीची सुरुवात अकराव्या थरावर. दार आणि खिडकी एकाच रेषेत संपतात. गवंडी दगड फोडत बसण्यापेक्षा उघड्या जागा थरांशी जुळवतो. मॉडेलमध्ये हे जुळलं की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण भिंत पटते. खिडकीच्या डोक्यावर अर्धा कापलेला थर आला की तीच भिंत सजावटीच्या टाइल्ससारखी दिसायला लागते.

सगळे थर अगदी सारखेही ठेवू नका. खालचे दोन-तीन २.५ मिमीचे, वरचे २ मिमीचे. जड दगड वर चढवायला कोणालाच आवडत नाही.

कापणं आणि कोरणं

दोन लांब भिंती आणि दोन त्रिकोणी माथ्याच्या भिंती कापा. कटर एका दमात आरपार नेऊ नका. हलक्या हाताने चार-पाच वेळा त्याच रेघेवरून फिरवा, नाहीतर कड आत तिरकी जाते. दारा-खिडक्यांच्या जागा आधी कोपऱ्यांत सुईने आरपार टोचून घ्या, म्हणजे मागच्या बाजूनेही कापता येतं.

सनबोर्डाच्या पृष्ठभागावर एक कडक, चकचकीत साय असते. १८० च्या कागदाने ती घासून काढा. तिच्यावर रेघ नीट उमटत नाही आणि रंगही धरत नाही.

आता आडव्या रेघा. पेन्सिलीने थर आखून घ्या आणि बॉलपेनने दाबून ओढा. पट्टी फक्त टोकांना खूण करायला वापरा, रेघ हाताने ओढा. जराशी थरथर हवीच. रेघ किती जाड? खऱ्या भिंतीत दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे, साधारण १५ मिमी रुंद, म्हणजे मॉडेलवर ०.१७ मिमी. बॉलपेनचं टोकसुद्धा याहून जाड आहे. म्हणून हलका दाब पुरतो. रेघ खोल गेली की भिंत दगडाची न राहता पावांच्या लादीची होते. खिडकीच्या आजूबाजूला आणि नजरेसमोरच्या भागात कंपासची सुई वापरा, बाकी ठिकाणी बॉलपेन.

मग उभे सांधे. खरी मेहनत इथे आहे. नियम तीनच आहेत, पण ते मोडायचे नाहीत. खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येता कामा नये; त्यालाच सांधमोड म्हणतात. दगडाची लांबी उंचीपेक्षा जास्त हवी, साधारण दीड ते तीन पट, म्हणजे ३.५ ते ७ मिमी. आणि लांबी सतत बदलती हवी: लांब, आखूड, मध्यम, पुन्हा आखूड. हात आपोआप एकसारखं अंतर घेऊ लागतो, तेव्हा पाच-सहा थर झाले की उठा आणि लांबून पाहा. उभे सांधे जिन्यासारखे तिरके चढत गेलेले दिसले तर तिथला एखादा सांधा बोटाच्या नखाने दाबून बुजवा आणि सरकवा. अधूनमधून एखाद्या थरात दोन पातळ दगड एकावर एक घाला. गवंडी उंची जुळवायला तसंच करतो.

भिंतीच्या दोन्ही टोकांना सात-आठ मिमी जागा कोरी सोडा. कमानींभोवतीही. त्यांचं काम वेगळं आहे.

एक अडचण इथे हमखास येते. एका बाजूने एवढं दाबल्यावर ती बाजू पसरते आणि पट्टी बाहेरच्या अंगाला फुगते. उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तशाच आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. आत कोणी बघणार नाही. थोडासा बाक राहिला तर जोडताना सरळ होतो.

आता ती खडी घ्या. चांगली धारदार, ताज्या फोडीची. तिची खरखरीत बाजू भिंतीवर ठेवून हलके दाबत, फिरवत जा. काळ्या दगडाच्या फोडीचा ठसा काळ्या दगडानेच उठतो. सगळ्या दगडांवर सारखा नको. काही गुळगुळीत राहू द्या. मग मधूनच एखादा दगड बॉलपेनच्या मागच्या टोकाने किंचित आत दाबा, दहा-बारातला एखादा. भिंतीवर तिरपा प्रकाश पडला की हेच दगड बोलतात. खडीऐवजी चुरगळलेल्या फॉइलचा गोळा चालतो, पण तो फार एकसारखा ठसा देतो.

कमान

आपल्या कमानी चपट्या आहेत: खिडकीच्या ०.९ मीटर रुंदीवर १५० मिमीचा उठाव, म्हणजे मॉडेलवर १.७ मिमी. कमानीचे दगड ३०० मिमी खोल, म्हणजे ३.४ मिमी. संख्या विषम हवी, नाहीतर मध्ये कळीचा दगड येत नाही. खिडकीला सात, दाराला सात किंवा नऊ. कागदावर वर्तुळाचा मध्य काढा आणि प्रत्येक सांधा त्या मध्याकडेच गेला पाहिजे हे पाहा. सांधे नुसते उभे मारले तर कमान जोर घेत नाही, आणि हे लहान मुलालाही खटकतं. दगडांच्या मागे भिंतीचे थर येऊन थांबतात; तिथले तुकडे तिरके कापलेले असतात, तेही दाखवा. खिडकीच्या तळाशी एकसंध लांब दगड असतो, तो पाव मिमी बाहेर आलेला. कार्डाची पट्टी चिकटवली की झालं.

उघड्या जागेच्या आतल्या कडांवरही थर वळवून न्या. समोर जो थर आहे तोच आत गेला पाहिजे.

कोपरे

सनबोर्डाचे तुकडे नुसते काटकोनात टेकवून चिकटवले तर कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत सरळ फट दिसते. दगडी इमारतीत असं कधीच नसतं. म्हणून चारही भिंतींच्या उभ्या कडा आतल्या बाजूने ४५ अंशांत घासा. भिंत टेबलाच्या कडेला ठेवायची, लाकडी ठोकळ्याला १८० चा कागद गुंडाळायचा आणि बाहेरची कड टिकवून आतली खायची. बाहेरची लांबी एक केससुद्धा कमी होता कामा नये.

गुण्याला टेकवून दोन-दोन भिंतींचे काटकोन करा, मग ते दोन जोडा. फेव्हिक्विक सनबोर्डाला लगेच धरतो, सरकवायला वेळ देत नाही. आत कोपऱ्यांत ५ मिमीचे चौकोनी खांब चिकटवा. राहिलेल्या फटीत घासलेल्या सनबोर्डाची पूड किंवा खाण्याचा सोडा भरा आणि वर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा; क्षणात दगडासारखं घट्ट होतं. सोड्याचं मिश्रण फार कडक होतं, म्हणून ते घासायचं तर दहा मिनिटांच्या आत. कोपऱ्यावर पुढे कोरायचं असल्यामुळे मी पूडच पसंत करतो.

आता कोरी सोडलेली जागा. कोपऱ्याचे दगड घडीव असतात, इतरांपेक्षा मोठे आणि सरळ कडांचे. एका थरात लांब तोंड पुढच्या भिंतीवर (५.५ ते ७ मिमी) आणि आखूड तोंड बाजूच्या भिंतीवर (३ मिमी), वरच्या थरात उलट. थराची रेघ कोपऱ्यावरून न तुटता वळली पाहिजे. या दगडांवर खडीचा ठसा नको. हवं तर तोंडाभोवती सुईने बारीक चौकट ओढा. पाथरवट कडा टाकीने तासून सरळ करतो आणि मधला भाग फुगीर सोडतो, तसं दिसतं.

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, कोपऱ्यात नको.

जोतं, दार, खिडकी

हे पटकन होतं. जोत्यासाठी ५ मिमी सनबोर्डाचा ७०.८ × ५०.१ मिमी तुकडा. म्हणजे चारही बाजूंनी ०.९ मिमी बाहेर. त्यावर दोनच थर, मोठ्या दगडांचे. दारासमोर १.७ मिमीच्या दोन पायऱ्या, तिसरं पाऊल जोत्यावर.

चौकटी जुन्या व्हिजिटिंग कार्डातून, ०.९ मिमी रुंद. दार फळ्यांचं: कार्डावर दीड-दोन मिमी अंतराने उभ्या रेघा. खिडकीला गज हवेत. वायरमधली तांब्याची एक तार काढा, ताणून सरळ करा. काच दाखवायची तर पारदर्शक शीट फेव्हिकॉलने लावा, फेव्हिक्विकच्या वाफेने ती पांढरी पडते. चौकट भिंतीच्या मधोमध किंवा जरा आत बसवा, तोंडाशी नाही.

कौलं

मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. म्हणून तुमची मांडणी घाट खुला झाल्याच्या दिवसांची असेल तर मंगलोरी कौलं चालणार नाहीत, नळीची कौलं किंवा पत्रा घ्या. विसाव्या शतकातल्या वाफेच्या इंजिनांची मांडणी असेल तर खुशाल घ्या.

एक मंगलोरी कौल साधारण ४१० × २३५ मिमी. एकमेकांवर चढल्यावर उघडा भाग राहतो सुमारे ३२० × २१० मिमी, म्हणजे मॉडेलवर ३.७ × २.४ मिमी. प्रत्येक कौलावर लांबीच्या दिशेने दोन पन्हळी. तेव्हा आपल्याला साधारण १.२ मिमी अंतराच्या उभ्या पन्हळी हव्यात. ८ मिमीच्या साध्या स्टडच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असतं. हार्डवेअरच्या दुकानातून असा १०० मिमी लांबीचा तुकडा आणा.

अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा सपाट भाग कापून जुन्या माउसपॅडवर ठेवा. त्यावर स्टड आडवा ठेवून दाबा आणि पाच-सहा मिमी पुढेमागे लोळवा. पन्हळी उठतात. आटे तिरके असल्याने पन्हळी तीनेक अंश कलतात. ५ मिमी रुंदीच्या पट्टीत हे जाणवत नाही, पण पट्टी कापताना पन्हळीला काटकोन धरून कापली तर तेही राहत नाही. दर दोन पन्हळींनंतर पट्टीच्या खालच्या कडेला कटरची बारीक खाच द्या; एक कौल सुटं होतं.

छपराचा पाया १ मिमीच्या पुठ्ठ्याचा. वळचण भिंतीबाहेर ६०० मिमी धरली तर एका पाख्याची रुंदी ३५.८ मिमी, आणि त्रिकोणी बाजूंना थोडं बाहेर काढून लांबी ७६ मिमी. एका पाख्यावर दहा ओळी, एका ओळीत तीस कौलं. खालून वर लावत जा, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर १.३ मिमी चढवून, पन्हळीत पन्हळ बसवून. पट्टीला फेव्हिबाँड, फेव्हिकॉल धातूला नीट धरत नाही. सगळ्यात खालच्या ओळीखाली एक जादा पातळ पट्टी द्या, म्हणजे पहिली ओळ पुढे वाकत नाही. आढ्यावर साधारण ३ मिमीची गोल वळवलेली पट्टी, दर चार मिमीला एक रेघ. तिच्या दोन्ही कडांना चुना भरलेला असतो. तो नंतर पांढरट रंगाने दाखवा.

दोन-तीन कौलं किंचित सरकलेली, एखादं फुटलेलं ठेवा. जास्त नको, ही रेल्वेची इमारत आहे, पडका वाडा नाही. वळचणीखाली ५ मिमी अंतराने १ मिमीच्या काड्या लावा. वाशांची टोकं दिसली की छप्पर वरून ठेवलेलं न वाटता पेललेलं वाटतं.

रंग

काळा दगड काळा नसतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ताजा फोडला की निळसर करडा, वर्षानुवर्षं हवेत राहिला की त्यातल्या लोहामुळे तपकिरी, पावसाच्या बाजूला शेवाळाने काळपट. शिवाय लहान वस्तूवर रंग नेहमी गडद दिसतो. म्हणून तुम्हाला योग्य वाटेल त्याहून एक पायरी फिका रंग घ्या. बाटलीतला शुद्ध काळा भिंतीवर कुठेही नको.

करड्या प्रायमरचे दोन पातळ हात. वाळल्यावर मूळ रंग: पांढरा, काळा आणि थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून मध्यम करडा. त्याच मिश्रणाच्या तीन वाट्या बाजूला काढा. एकीत अंबर वाढवा, एकीत थेंबभर निळा, एकीत पांढरा. मग बारीक ब्रशने सुटे सुटे दगड रंगवा, तपकिरी जरा जास्त, निळसर मोजके. शेजारी-शेजारी एकच रंग टाळा. थोडं कंटाळवाणं आहे, पण संध्याकाळभराचं काम आहे.

पूर्ण वाळल्यावर दर्जा भरायच्या. वॉल पुट्टीत चिमूटभर करडा आणि पिवळसर रंग घालून ताकाएवढं पातळ करा, भिंतीवर फिरवा आणि मिनिटभराने ओलसर स्पंजने आडवं, हलकं पुसा. रेघांत चुना राहतो, दगड मोकळे होतात. दगडांवर पांढरी झाक राहिली तर घाबरू नका, पुढच्या हातात ती मुरते. अनेक जुन्या इमारतींत नंतरच्या डागडुजीत सिमेंटच्या उठावदार दर्जा केलेल्या दिसतात; एका भिंतीचा खालचा पट्टा तसा दाखवायचा असेल तर तेवढ्याच सांध्यांवर फिका करडा रंग सुईच्या टोकाने ओढा.

शेवटी हवामान. इथे जे कराल त्याला कारण हवं. जमिनीलगतच्या तीन-चार मिमीत तांबूस मातीचा पातळ हात, कारण वळचणीचं पाणी माती उडवतं. हिरवट काळा रंग नैऋत्येकडच्या भिंतीवर आणि जोत्यावर, कारण पाऊस तिकडून येतो. त्यासाठी मांडणीची नैऋत्य आधी ठरवा आणि मग सगळ्या इमारतींना तीच लावा. खिडकीच्या तळदगडाच्या दोन्ही टोकांखाली पाण्याचे ओघळ. रुळाकडच्या भिंतीवर गंजासारखी तपकिरी पूड, कारण घाट उतरताना ब्रेक घासून लोखंडाची धूळ उडते. वाफेचा काळ असेल तर छपराच्या रुळाकडच्या पाख्यावर काजळी. कौलांचा मूळ रंग विटकरी, पण प्रत्येक ओळीत दोन-चार कौलं जुनी काळपट आणि एखादं नवं केशरी असू द्या. सगळ्यावर मॅट व्हार्निश. चकाकी राहिली तर केलेली मेहनत प्लास्टिकची दिसते.

मुंबईची इमारत करायची असेल तर पद्धत हीच, फक्त मालाडच्या पिवळसर दगडासाठी करड्याऐवजी गेरू आणि पांढरा घ्या.

जागेवर बसवणं

चौकी जमिनीवर ठेवू नका, जमिनीत बसवा. मांडणीत जोत्याच्या आकाराचा मिलिमीटरभर खड्डा करा, चौकी त्यात उतरवा आणि कडेने माती, बारीक खडी, गवत लावा. जोत्याखाली उजेडाची रेघ दिसली की सगळं संपलं. चौकी कायमची चिकटवू नका. खाली दोन छोटे लोहचुंबक पुरतात, म्हणजे साफसफाईला आणि दिव्याच्या वायरीला हात जातो.

घाटात डोंगराकडच्या बाजूला दगडी गटार हवंच, नाहीतर पहिल्या पावसात चौकी वाहून गेली असती. उरलेल्या सनबोर्डाच्या पट्ट्यांतून ते होतं. त्यामागे संरक्षक भिंत उभारायची असेल तर तिला डोंगराकडे किंचित कलवा, थर चौकीपेक्षा मोठे घ्या आणि पाणी झिरपायला ओळीने भोकं ठेवा. त्या भोकांखाली शेवाळाचे ओघळ काढायला विसरू नका.

सनबोर्ड उन्हात नरम पडतो, तेव्हा प्रदर्शनाला नेताना चौकी बंद गाडीत काचेमागे ठेवू नका. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या छपराला बुरशी येते. छपराच्या आतल्या बाजूलाही व्हार्निश मारा आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.